‘ती आली तर आम्ही उघडे पडू’

ताई,

मी डिचोली तालुक्यातला, २८ वर्षांचा. एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मी गे आहे हे घरी फक्त धाकट्या बहिणीला माहीत आहे. मध्यंतरी आम्ही सातआठ जण एकमेकांना सापडलो. डिचोली, साखळी, म्हापसा, पेडणे अशा ठिकाणचे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी म्हापशाच्या एका कॅफेत बसतो. त्याआधी मी एकदा आसगावच्या एका पार्टीला गेलो होतो. सगळं इंग्रजीत. दारातच एकाने माझे प्रोनाउन्स विचारले, म्हणजे मला ‘ही’ म्हणायचं की ‘शी’, काय सांगायचं ते कळेना. ड्रिंकचे दर बघून पाणी पीत बसलो. परत गेलो नाही. म्हणून हा आमचा लहानसा ग्रुप मला फार जवळचा आहे.

आता आमच्यातल्या एकाच्या ओळखीची एक ट्रान्स मुलगी आहे. पार्लरमध्ये काम करते, मूळची बेळगावकडची. तिला ग्रुपमध्ये यायचंय. कॉलेजात शिकणारं आणखी एक जण आहे, स्वतःला मुलगाही म्हणवत नाही आणि मुलगीही नाही. मागच्या वेळी दोघं आली. कॅफेतले लोक वळून वळून बघायला लागले. आमच्यातला एक शाळेत शिक्षक आहे, तो उठून निघून गेला. नंतर ग्रुपवर भांडण. त्यांचे प्रश्न वेगळे, त्यांनी आपला ग्रुप काढावा, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, ती भायली, म्हणजे बाहेरची. तिसऱ्याने लिहिलं, आधी ऑपरेशन करून घेऊ दे, मग मुलगी म्हणू. आमच्यात एक लग्न झालेला बायसेक्शुअल मित्र आहे, त्यालाही या भांडणात ‘दोन्ही डगरींवर पाय’ असं ऐकावं लागलं. तेव्हापासून तो गप्प आहे.

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. ती आली तर आम्ही सगळे उघडे पडू, असं शिक्षक म्हणतो आणि मला तेही पटतं. काय करू?

— डिचोलीचा एक

प्रिय मित्रा,

तुझ्या शिक्षक मित्राच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती खरी आहे. गोवा केवढा, तर २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलं की वर्गातल्या कुणा ना कुणा पोराचे आईवडील भेटतातच. मोठ्या शहरात माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकतो. आपल्याकडे चवथीच्या आरतीला, शिगम्याला, देवळाच्या जत्रेला तीच माणसं पुन्हा समोर असतात आणि त्यांच्यातच आयुष्य काढायचं असतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले खरे, पण शाळेचं व्यवस्थापन, वाड्यावरचे काका, स्थळ घेऊन येणारी आत्या यांच्यापर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे. त्याला नोकरी टिकवायची आहे. ग्रुपमधल्या कोणीही त्याला डरपोक म्हणू नये.

आता त्या संध्याकाळी नेमकं काय झालं ते बघ. रविवार, म्हापसा, भरलेला कॅफे. तुम्ही तिथे दर महिन्याला बसता. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत घरी कळल्याच्या हकिगती पुष्कळ असतात. चार्जिंगला लावलेला फोन भावाने उघडला, ग्रुपवर टाकलेला फोटो बाहेर गेला, अ‍ॅपवर भेटलेल्या माणसाने नाव खोटं सांगितलं आणि मग पैसे मागायला सुरुवात केली. अशाच वाटांनी बातमी घरी पोचते. एका ट्रान्स मुलीच्या शेजारी बसलेला दिसला म्हणून घर सोडावं लागलं, असं पत्र मला अजून आलेलं नाही. तुमची जागा चुकीची आहे, वेळ चुकीची आहे आणि फोनवरची शिस्त बहुतेक ढिली आहे. ती दोघं येण्याआधीही हे असंच होतं.

तेव्हा आधी ते सुधारा. कॅफे सोडा. कुणाचं एकटं राहतं घर असेल, भाड्याची खोली असेल, तिथे बसा, आणि संध्याकाळऐवजी दुपारी. वाळपई-साखळीकडच्या माणसाला उशिरा बस मिळत नाही, हे तुला मी सांगायला नको. फोटो कोणीच काढायचा नाही, वाढदिवसाचा केकसुद्धा नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. सिग्नलवर किंवा टेलिग्रामवर ते लपवता येतात. आडनाव, गाव, नोकरीचं ठिकाण विचारायचं नाही, ज्याचं त्याने सांगितलं तर ऐकायचं. कोणाला धमकी आलीच तर एक पैसा द्यायचा नाही, चॅट पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि पोलिसांत जाण्याआधी वकिलाशी बोलायचं. राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी केली तर पात्र असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

यातलं काहीही करण्यासाठी तिला बाहेर ठेवण्याची गरज पडत नाही. उलट शिक्षकाला तीच जागा सुरक्षित वाटेल जिथे ती आणि तो दोघंही निर्धास्त बसू शकतात.

आणि तिच्या बाजूने एकदा विचार कर. तू कंपनीच्या बसमध्ये चढतोस, देवळात जातोस, कोणाला काही कळत नाही. कुठे सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं हे तुझ्या हातात आहे. तिच्या हातात ते नाही. पार्लरला जाताना, भाड्याची खोली शोधताना, रांगेत उभं राहताना ती सतत दिसत असते. कॅफेत लोक बघत होते तेव्हा तिला त्यात नवीन काही नव्हतं. आपल्याच माणसांपैकी एक जण तिच्यामुळे उठून गेला, हे मात्र तिला अपेक्षित नसणार. आसगावच्या त्या पार्टीत तुला कोणी जा म्हटलं नव्हतं. तरी तू परत गेला नाहीस. तिला तर ते जवळजवळ तोंडावर सांगितलं गेलं.

आसगावच्या त्या अनुभवावर थोडं थांबते, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे. किनारपट्टीवर जे चालतं ते बरेचदा इंग्रजीत चालतं, रात्री चालतं आणि पैसे असणाऱ्यांना परवडेल अशा ठिकाणी चालतं. तिथल्या लोकांच्या मनात वाईट नसतं. पण पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या मुलाला तिथे गेल्यावर आपण दुय्यम आहोत असं वाटतं. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स आपल्या जोडीदाराबरोबर उघडपणे जगले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये गेले तेव्हा अख्खा गोवा हळहळला. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही स्वतःचं घर, स्वतःचं नाव आणि जगभर पसरलेलं काम यांच्या जोरावर मिळणारा मान शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाला तसाच मिळत नाही. पार्लरमधल्या मुलीला तर त्याहून नाही. त्यामुळे तुमच्यासारखा मराठी-कोकणीत बोलणारा, बसने येता येईल असा ग्रुप फार मोलाचा आहे. तो टिकावा असं मला वाटतं, म्हणून इतकं लिहिते आहे.

प्रोनाउन्सचं तुला जड गेलं त्याचं कारणही समजून घे. इंग्रजीत एक शब्द विचारला की काम होतं. आपण ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणतो तेव्हा बोलणाऱ्याने स्वतःच सांगून टाकलेलं असतं. त्यामुळे तुमच्या बैठकीत दारात प्रश्नावली नको. ती ‘मी आले’ म्हणाली की तिच्याबद्दल बोलताना ‘ती आली’, एवढंच. ती समोर नसतानाही तेच. कॉलेजातलं जे दुसरं जण आहे, त्याला कसं हाक मारायचं ते त्यालाच सरळ विचारा. काही जण अनेकवचन पसंत करतात, काही जण आज ‘गेलो’ म्हणतात आणि उद्या ‘गेले’. चुकलं तर सुधारा आणि पुढचं बोला. त्यावर भाषण नको आणि हसणं तर मुळीच नको.

त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, असं जो म्हणाला त्याचं म्हणणं मी खोडणार नाही. वेगळे आहेतच. २०१८ चा निकाल मुख्यतः तुझ्यासारख्यांच्या मानेवरची टांगती तलवार काढणारा होता. तिच्यासाठी मोठा दिवस १५ एप्रिल २०१४ चा, ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या नाल्सा निकालाचा. आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा हक्क त्या निकालाने माणसाला दिला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे, असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा ऑपरेशन झाल्यावर मुलगी म्हणू, असं लिहिणाऱ्या मित्राला सांग की सर्वोच्च न्यायालयाने जी अट घातली नाही ती एका कॅफेच्या टेबलावर आपण कशी घालणार? शिवाय ते ऑपरेशन खर्चिक असतं, शरीरावर मोठं असतं, आणि कित्येक ट्रान्स माणसांना ते करायचंच नसतं. तिचं शरीर हा ग्रुपच्या चर्चेचा विषयच नाही. हे त्याला चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांग, पण नक्की सांग.

लग्नाचं बघ. गोव्यात लग्न म्हणजे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, आणि त्याच निकालात असंही म्हटलं की स्त्री-पुरुष नात्यात असलेल्या ट्रान्स व्यक्तींना चालू कायद्यांखाली लग्न करता येतं. म्हणजे इथेही तुझी वाट वेगळी, तिची वेगळी.

पण काही ठिकाणी दोघांना एकाच पावसात उभं राहावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३७७ पूर्णच गेलं. सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी आता स्वतंत्र कलम नाही. ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात शिक्षा ठेवली गेली ती सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं. आपल्या ग्रुपमधल्या कोणावर अशी वेळ आली तर काय करायचं, हे तुम्हाला एकत्र बसूनच ठरवावं लागेल.

बाहेरचे लोकही असा फरक करत नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या क्रीडा व युवा खात्याच्या मंत्र्यांनी एलजीबीटी तरुणांसाठी केंद्रं काढू, त्यांना ‘नॉर्मल’ करू, औषधंही देऊ, असं म्हटल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नंतर त्यांनी विपर्यास झाल्याचा खुलासा केला. त्या दिवशी गे कोण आणि ट्रान्स कोण असं कोणी विचारलं नव्हतं. आज अशा ‘बरं करण्याच्या’ उपचारांना वैद्यकीय आयोग गैरवर्तन मानतो. हेही आपोआप झालं नाही, न्यायालयात भांडून झालं.

मागचा इतिहास तर आणखी बोलका आहे. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचा खटला आला. बाईच्या वेषात गाणं म्हणताना सापडली, एवढ्यावर पोलिसांनी धरलं, शरीराची तपासणी केली आणि ३७७ लावलं. गुन्हा कधी, कुठे, कोणाबरोबर यातलं काहीच सिद्ध झालं नाही आणि उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याआधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंद पोलिसांकडे ठेवण्याची तरतूद होती. हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानातलं; आपल्याकडे भारतीय दंडसंहिता गोवा मुक्तीनंतर आली. पण जे कलम २०१८ मध्ये तुझ्यावरून उठलं, त्याचा मार दीडशे वर्षं सर्वांत आधी कोणी खाल्ला, तर जे दिसत होते त्यांनी. आता तेच दिसतात म्हणून आपल्याला अडचणीचे वाटावेत, हे मला फार दुखतं.

‘ती भायली’ याचं उत्तर मी जरा रागानेच देते. डिचोली-पेडण्याच्या माणसांच्या निम्म्या सोयरिकी सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावकडे असतात. तुझ्या कंपनीच्या शिफ्टमध्येही सिंधुदुर्गातून रोज येणारे असतील. त्यांना तुम्ही टेबलावरून उठवत नाही. ट्रान्स मुलींपैकी अनेकींना गाव सोडावंच लागतं, घरचे ठेवून घेत नाहीत म्हणून. ती इथे राहते, इथे राबते, इथलं भाडं भरते. आणि आणखी एक, पत्रात नसलेलं विचारते: तिचं आडनाव काय, जात काय, अशीही कुजबुज झाली का? झाली असेल तर ती तिथेच थांबव. आपल्याला घरात चोरून राहावं लागतं याचं दुःख माहीत असलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये.

लग्न झालेल्या मित्राबद्दल. स्त्री आणि पुरुष दोघांकडेही ओढ वाटणं हे खरं असतं. ती धरसोड नव्हे, भित्रेपणा नव्हे, गे होण्याआधीची पायरीही नव्हे. डगरींची म्हण त्याला ज्याने ऐकवली त्याने माफी मागावी. त्याच्या बायकोचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि मी तो सोडणार नाही. तिला काय माहीत आहे, तिच्या आरोग्याची काळजी तो घेतो का, हे त्याने स्वतःला विचारायलाच हवं. सरकारी जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि गोपनीय ठेवतात. लपवून काढलेला संसार तिच्यावर अन्याय करतो. पण ही चर्चा तो आणि त्याचा विश्वासू मित्र यांच्यात व्हावी, ग्रुपवर टोमण्यांतून नव्हे. तो बायसेक्शुअल आहे म्हणून फसवतो, असं तर कोणी म्हणूच नये. लग्न करून लपलेले गे पुरुष काय कमी आहेत?

तुझ्या पत्रात एकही गे किंवा बायसेक्शुअल मुलगी नाही, हे माझ्या लक्षात आलं. अशा मुली डिचोली-पेडण्यात नाहीत, असं नाही. संध्याकाळची वेळ, सगळे पुरुष, घरी सात वाजता पोचायचं असतं, ‘कुठे गेली होतीस’ याचं उत्तर द्यावं लागतं. त्या तुमच्यापर्यंत येणार कशा? दुपारची वेळ आणि घरगुती जागा केलीत तर कदाचित एखादी येईल. तुझी बहीण तुझ्या बाजूने आहे. तिच्या मैत्रिणींत कोणाला अशा जागेची गरज असेल तर तिला ते तुझ्याआधी कळेल.

याचा अर्थ सगळ्यांनी सदासर्वकाळ एकत्रच बसावं असा नाही. काही बोलणी फक्त पुरुषांत मोकळी होतात, काही फक्त ट्रान्स मैत्रिणींत. महिन्याची एक बैठक सगळ्यांची ठेवा आणि ज्याला हवी त्याने आपली वेगळीही घ्यावी. स्वतःसाठी वेगळी खोली मागणं आणि दुसऱ्याला खोलीबाहेर ठेवणं यातला फरक तुला कळतो, म्हणून तर तू पत्र लिहिलंस. शिक्षक मित्राला आत्ता मोठ्या बैठकीला यायचं नसेल तर त्याला येऊ नको म्हणू नका आणि ओढूनही आणू नका. तो तुला एकट्याला भेटू शकतो. त्याला झोप लागत नसेल, शाळेत जाताना छातीत धडधडत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक त्याला दे. फोन मोफत आहे.

तू कोणाचीच बाजू घेतली नाहीस, असं लिहिलंस. तुझं गप्प राहणं तिने मात्र त्या बाजूचंच धरलं असणार, जी तिला नको म्हणत होती. म्हणून पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. या आठवड्यात तिला फोन कर, मेसेज नको. त्या दिवशी जे झालं ते वाईट झालं, मी बोललो नाही, मला बोलायला हवं होतं, इतकं सांग. तिच्याकडून माफी मिळेलच असं धरू नकोस. नवी जागा आणि वेळ सांग आणि यायचं की नाही हे तिच्यावर सोड. कॉलेजातल्या त्या दुसऱ्या जणालाही वेगळा फोन कर, तिच्यामार्फत निरोप नको. मग ग्रुपवर लिही की पुढची बैठक सगळ्यांची आहे, जागा बदलली आहे आणि फोटो बंद आहेत. कोणी सोडून गेलं तर जाऊ दे. सातांचे पाच झालात तरी हरकत नाही. ज्याला परत यायचं असेल त्याला निरोप मिळेल अशी सोय तेवढी ठेव.

शिक्षक मित्राला वाटलं तर मला लिहू दे. नाव नको, गाव नको, शाळा तर नकोच. मी त्याला वेगळं उत्तर देईन.

— तुझी ताई